दहाव्या पायरीवरचं गाणं

माणसांचे आणि वस्तूंचे नंबर लावण्याची हौस आमच्या घराण्यात पिढीजात आहे. माझे वडील (घरात त्यांना सारे अण्णा म्हणतात) तरुणपणी दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओजवळ मांडी ठोकून बसत. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, की अमीन सयानी ज्या गाण्याला ज्या पायदानावर बसवतील, त्याच पायरीवर ते अण्णांच्या वहीतही जाऊन बसे. पहिल्या नंबरचं गाणं तांबड्या शाईनं, दुसरं-तिसरं निळ्या शाईनं, आणि त्याखालची सारी प्रजा शिसपेन्सिलीनं! ही वही अजून आहे. दर दिवाळीला माळा झाडताना ती खाली येते, फडक्यानं पुसली जाते, अण्णा चार पानं उलटून पाहतात आणि ती पुन्हा वर जाते. शिसपेन्सिलीची अक्षरं आता पार पुसट झाली आहेत. तांबडी तेवढी ठळक आहेत.

माझ्यात ही हौस निराळ्या वाटेनं उतरली. मी मास्तर झालो. मॅट्रिकच्या पलीकडं कॉलेजची पायरी मी चढलो नाही. चित्रकलेचा अभ्यासक्रम पुरा केला, हातात खडू घेतला, तो अजून सुटलेला नाही. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दिवसा मुलांचे नंबर लावायचे आणि रात्री टीकाकारांनी आपला नंबर कितवा लावला, ते चाचपत बसायचं, असा माझा दिनक्रम आहे. आता शाळेतून नंबर गेले आणि श्रेण्या आल्या, असं म्हणतात. पण मास्तराच्या मनातले नंबर कोण काढणार? वर्गात शिरलो, की पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत ते मला मुलांच्या कपाळावर लिहिलेले दिसतात.

२०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याची सकाळ होती. फराळाची ताटं नुकतीच पुढं आली होती आणि यंदा चकली मऊ का पडली, यावर घरात मतभेद चालले होते. एवढ्यात दारात एक उंचेला तरुण उभा राहिला आणि “सर, ओळखलंत का?” म्हणून पाया पडला. खरं सांगायचं तर ओळखलं नव्हतं. पहिल्या तीन नंबरांची मुलं मला वीस वर्षांनीही नावानिशी आठवतात. शेवटच्या बाकावरची तर विसरू म्हणता विसरता येत नाहीत. घोटाळा होतो तो मधल्यांचा. त्यानं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वर्ष सांगितलं, तेव्हा कुठं अंधुक चेहरा डोळ्यांपुढं आला. इंग्लंडात लीड्स गावी एका रुग्णालयात तो परिचारक आहे. मिरजेच्या मुलानं दवाखान्यातली नोकरी धरावी, यात नवल नाही. आमच्या गावची मुलं औषधांच्या वासावरच वाढतात.

चकली मऊ असूनही त्यानं ती मनापासून खाल्ली आणि मग खिशातून फोन काढून म्हणाला, “सर, तुमच्यासाठी एक गाणं आणलंय.”

मिरजेत कुणी गाण्याचं नाव काढलं, की माणूस आपोआप सावरून बसतो. ज्या गावात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ राहिले आणि जिथं त्यांची कबर आहे, जिथल्या एका गल्लीत पिढ्यान् पिढ्या सतारी आणि तंबोरे घडतात, तिथं वाटेल ते गाणं वाटेल त्यानं लावायचं नसतं. आम्ही सावरून बसलो. गाणं सुरू झालं. स्वयंपाकघरातून सौ.नं विचारलं, “बाहेर कुणाचं भांडण लागलंय का?”

अण्णा मात्र डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळानं म्हणाले, “हा गृहस्थ एकाच सुराला धरून का बसलाय? पुढं सरकायला काय घेशील म्हणावं!” आणि आणखी थोड्या वेळानं, “अरे, कडवंही तेच पुन्हा म्हणतोय की!”

“आजोबा, अगदी बरोबर पकडलंत,” तो पाहुणा हसून म्हणाला, “दोन्हीही.”

गाण्याचं नाव ‘मिस्टर ब्राइटसाइड’. म्हणजे काहीही झालं तरी उजळ बाजू तेवढी बघणारे महाशय. गाणाऱ्या वाद्यवृंदाचं नाव ‘द किलर्स’. सणासुदीला काय हे नाव, असं सौ.च्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. पण नाव भयंकर असलं तरी माणसं साधी निघाली. दुसऱ्या एका वाद्यवृंदाच्या चित्रफितीत एक काल्पनिक वाद्यवृंद दाखवला होता. त्याच्या ढोलावर हे नाव रंगवलेलं होतं, ते या पोरांनी उचललं, एवढंच.

पोरं अमेरिकेतल्या लास व्हेगसची. जुगारघरांच्या त्या झगमगाटी शहरात २००१ साली डेव्ह क्यूनिंग नावाच्या गिटार वाजवणाऱ्या तरुणानं वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात दिली, की मला गाण्याला साथीदार हवा आहे. ती वाचून ब्रँडन फ्लॉवर्स आला. तो तेव्हा एका हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलण्याचं काम करीत असे. पुढं मिळालेला ढोलवाला, रॉनी वानुची, कॉलेजात तालवाद्यं शिकत होता आणि पोटासाठी लग्नं लावणाऱ्या एका चॅपेलमध्ये फोटो काढीत होता. चौथा, मार्क स्टोर्मर, दवाखान्यांची पार्सलं पोचवीत असे. हमाल, फोटोग्राफर, पार्सलवाला! आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला सुद्धा आम्ही असल्या मंडळींना पडदा ओढायला बसवलं असतं.

क्यूनिंगजवळ गिटारवरची एक धून तयार होती. फ्लॉवर्सजवळ ताजं दुःख होतं. एका रात्री मनात शंकेची पाल चुकचुकली म्हणून तो गावातल्या एका मद्यगृहात गेला, तो त्याची मैत्रीण दुसऱ्याच कुणाबरोबर बसलेली! घरी येऊन त्यानं तो सारा मत्सर कागदावर उतरवला. पण एक कडवं लिहून झालं आणि दुसरं काही सुचेना. म्हणून मग तेच कडवं दोनदा म्हटलं. आणि सूरही जवळजवळ एकच. मला विचाराल तर हे अगदी खरं आहे. मत्सरानं पछाडलेला माणूस दुसरं बोलतो काय? तोच तोच प्रसंग तो त्याच त्याच शब्दांत घोळवीत बसतो. पण माझ्यातला परीक्षक म्हणाला, ‘एकच उत्तर दोनदा लिहिलं, तर गुण एकदाच मिळतील!’

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनीही बहुधा तसेच गुण दिले, कारण त्यांनी या मंडळींना दारात उभं केलं नाही. शेवटी लंडनच्या ‘लिझर्ड किंग’ नावाच्या एका छोट्या कंपनीनं त्यांचा हात धरला. असल्या, मोठ्या पेढ्यांच्या छत्राखाली नसलेल्या संगीताला तिकडं ‘इंडी’ म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, आपल्या पायांवर उभं असलेलं. २००३ च्या सप्टेंबरात या गाण्याची तबकडी इंग्लंडात निघाली, तिच्याकडं फारसं कुणी पाहिलं नाही. २००४ च्या मे महिन्यात ती पुन्हा काढली आणि या खेपेला ते गाणं इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत शिरलं.

“कितव्या नंबरावर?” अण्णांनी ताबडतोब विचारलं. वहीची सवय!

“दहाव्या.”

अण्णांचा चेहरा पडला. शिसपेन्सिलीचं गाणं!

ही यादी म्हणजे काय, ते आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. गीतमाला आपण ऐकलेली आहे. पण एक गंमत सांगतो. इंग्लंडची ही यादी सुरू झाली ती १९५२ च्या १४ नोव्हेंबरला. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ नावाच्या साप्ताहिकातल्या पर्सी डिकिन्स या गृहस्थांनी तबकड्यांच्या दुकानांना टेलिफोन करून काय काय खपलं ते विचारलं आणि त्यावरून क्रम लावला. अल मार्टिनो नावाच्या गायकाचं गाणं पहिलं आलं आणि नऊ आठवडे तिथून हललं नाही. आणि आपली गीतमाला सुरू झाली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे तिकडची यादी आणि आपली गीतमाला, दोघींचा जन्म एकाच हिवाळ्यातला.

तर आमचं गाणं दहावं आलं. दोन-चार आठवडे राहिलं आणि खाली उतरलं. वर्षभरानं, २००५ च्या जूनमध्ये, अमेरिकेतल्या यादीतही ते चढत चढत वर गेलं. तिथं त्याचा सर्वांत वरचा नंबर कितवा? दहावाच! दोन देशांतल्या दोन परीक्षकांनी एकमेकांना न विचारता एकच शेरा मारला. त्याच वाद्यवृंदाचं दुसरं एक गाणं इंग्लंडात तिसरं आलं, पुढं २००६ साली आणखी एक दुसरं आलं. घरात भावंडं हुशार निघाली, हे आपलं मधलं राहिलं.

“आता पुढचं ऐका, सर,” तो म्हणाला. “तिकडं माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीचं लग्न होतं. रात्री जेवणं झाली, नाच सुरू झाला. निम्मी माणसं खुर्च्यांवर पेंगत होती. एवढ्यात हे गाणं लागलं. आणि सर, नवरीची आजी उठली! नवरी उठली, वाढपी थांबले, लहान पोरं धावत आली, आणि सगळ्यांनी मिळून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत गाणं म्हटलं. मला एकट्यालाच येत नव्हतं. तेव्हा पाठ केलं.”

लग्नात हे गाणं! प्रेयसी दुसऱ्याबरोबर गेल्याचं गाणं! आपल्याकडं मांडवात असलं काही कुणी वाजवलं, तर वऱ्हाड बिऱ्हाडाला परत जाईल. पण तिकडं ते लग्नांत वाजतं, वाढदिवसांना वाजतं, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या भल्यामोठ्या क्रीडांगणावर सारा जमाव ते एका आवाजात म्हणतो. २०२४ च्या १० जुलैला युरोपच्या फुटबॉल स्पर्धेत इंग्लंडचा उपांत्य सामना होता आणि त्याच रात्री लंडनच्या ओ-टू सभागृहात ‘द किलर्स’चा जलसा. लोकांचं लक्ष दोन्हीकडं. तेव्हा मंडळींनी गाणं थांबवलं, पडद्यावर सामन्याची शेवटची मिनिटं लावली, आणि इंग्लंड दोन विरुद्ध एक गोलांनी जिंकल्याबरोबर हेच गाणं सुरू केलं. सभागृहाचं छप्पर कसं राहिलं, कुणास ठाऊक! चार दिवसांनी अंतिम सामन्यात स्पेननं इंग्लंडला हरवलं, म्हणजे त्यांचाही पहिला नंबर हुकलाच. पण त्या रात्रीचं गाणं काही कुणी परत घेतलं नाही.

आणि त्याच वर्षी मे महिन्यात, गाणं यादीत आल्याला वीस वर्षं होत असताना, तिकडच्या यादी ठेवणाऱ्यांनी हिशेब जाहीर केला. पहिल्या नंबरावर कधीच न आलेल्या गाण्यांत इंग्लंडात आजवर सर्वांत जास्त खपलेलं आणि ऐकलेलं गाणं हे. आधी तो मान ‘वंडरवॉल’ या ओएसिसच्या गाण्याकडं होता, ते निदान १९९५ साली दुसरं तरी आलं होतं. या दहाव्यानं त्याला मागं टाकलं. सारी बेरीज पंचावन्न लाखांच्या वर. आणि पहिल्या शंभर गाण्यांत काढलेले आठवडे चारशेहून जास्त, म्हणजे जवळजवळ आठ वर्षांचे! सलग नव्हे हो. बाहेर पडायचं आणि पुन्हा यायचं, पडायचं आणि यायचं, माहेरवाशिणीसारखं.

मी विचारलं, “पण हे झालं कसं? लोकांना ते इतकं आवडत होतं, तर पहिलं का नाही आलं?”

त्यानं जे सांगितलं, ते मी पुढं बरेच दिवस मनात घोळवीत राहिलो. २००४ साली यादी लावताना मोजत, ती खरेदी. माणसानं तबकडी एकदा विकत घेतली, की त्याचं मत पडलं. मग ती त्यानं घरी नेऊन एकदा लावो, की हजारदा लावो, हिशेबात एकच. पुढं गाणी तारेवरून घरी येऊ लागली, आणि २०१४ च्या जुलैपासून लोक गाणं किती वेळा ऐकतात, तेही मोजणं सुरू झालं. त्याबरोबर हे गाणं पुन्हा पुन्हा दिसू लागलं. ते आधीही ऐकलं जातच होतं, फक्त मोजणाऱ्याला ऐकू येत नव्हतं! २०१७ साली तर जुन्या गाण्यांचं ऐकणं निम्म्या दरानं मोजावं, असा नियम आला, नव्यांना जागा मिळावी म्हणून. आपण ग्रेस मार्क देतो, तिथं गुण कापले. तरीही ते हटलं नाही.

“सर,” तो म्हणाला, “दहावा नंबर ऐकला आणि मला तुमची आठवण झाली.”

त्यानं फोनवर एक चित्र काढून माझ्यापुढं धरलं. त्याच्या आईनं जपून ठेवलेलं त्याचं प्रगतिपुस्तक. आठवी, नववी, दहावी, तिन्ही वर्षं वर्गशिक्षक मीच होतो. नंबराच्या रकान्यात तीन वेळा दहा, एकदा अकरा आणि पुन्हा दहा. शेऱ्याच्या रकान्यात माझं वळणदार अक्षर: ‘बरा आहे.’ पुढच्या सहामाहीला: ‘बरा आहे.’ वार्षिकला: ‘बरा आहे.’ गाण्यानं एकच कडवं दोनदा म्हटलं म्हणून मी हसलो होतो. मी एकच कडवं सहादा म्हटलं होतं.

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला काही उत्तर देता आलं असतं. तो गमतीनं दाखवीत होता. आई ते पुस्तक अजून पाहुण्यांना दाखवते, म्हणत होता. मी चष्मा पुसला, सौ.ला आणखी चिवडा आणायला सांगितलं आणि विषय बदलला. पण तो गेल्यावर चैन पडेना. या मुलाबद्दल मला काय आठवतं, ते मी आठवू लागलो. खूप वेळानं एक गोष्ट हाती लागली. वर्गात एका मुलाला घेरी आली होती. सारे घाबरून मागं सरले, तेव्हा याच मुलानं पुढं होऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि गुंडी सैल केली होती. मी ते पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि लिहिलं नव्हतं, कारण त्याला रकाना नव्हता.

नंबर खोटे असतात, असं मी म्हणत नाही. म्हणालो तर मुख्याध्यापक विचारतील, मग पगार कशाचा घेता? त्या मे महिन्यातल्या त्या आठवड्यात नऊ गाणी याच्यापेक्षा जास्त खपली होती, हे खरंच आहे. आणि प्रत्येक दहावं गाणं असं वीस वर्षं तगत नाही, हेही खरं. बहुतेक दहावी गाणी विसरली जातात, माझ्या कादंबऱ्यांसारखी. माझ्या पहिल्या कादंबरीची पहिली आवृत्ती प्रकाशकाकडं अजून दिसते, असं जाणकार सांगतात. सांगलीच्या एक बाई मात्र दर पावसाळ्यात ती वाचून मला पत्र घालतात. खपाच्या हिशेबात त्या बाई एकदाच आल्या, पुस्तक घेतलं त्या दिवशी. परीक्षेतही आपण तेवढंच मोजतो. मार्चमधल्या एका सकाळी मुलानं काय खरेदी करून आणलं, ते. पुढं ते तो किती वर्षं वापरतो, कुणाकुणासाठी वापरतो, हे मोजायला मास्तर कुठं असतो?

आमच्या शेजारी तंबोरे करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांना मी ही सारी कथा सांगितली. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली नाही. म्हणाले, “गुरुजी, मैफिलीत तंबोऱ्याला टाळी पडलेली कधी ऐकलीत? पण तो थांबला तर गवई गाईल काय?” त्यांनी तंबोऱ्याची बाजू घेतली, हे त्यांच्या धंद्याला धरूनच झालं. पण अण्णांची तक्रार मला आठवली, हा गृहस्थ एकाच सुराला धरून का बसलाय! त्याचं उत्तर मला या दुकानात मिळेल, असं वाटलं नव्हतं.

यंदाच्या सहामाहीची प्रगतिपुस्तकं मी दिवाळीच्या सुटीआधी भरली. नेहमी एका संध्याकाळचं काम, या खेपेला पाच संध्याकाळी लागल्या. हुशार मुलांचे शेरे झटकन झाले. मधल्यांपाशी येऊन पेन थांबे. मी डोळे मिटून एकेक चेहरा समोर आणी आणि हे पोर वर्गात काय करतं, ते आठवू पाही. काहींचं काही केल्या आठवेना. मग दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन पाहून येई. एका मुलीच्या पुस्तकात लिहिलं, ‘व्हरांड्यातल्या कुंड्यांना कुणी न सांगता पाणी घालते.’ तिचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले. त्यांना वाटलं, ही तक्रार आहे. ती तक्रार नाही, हे त्यांना पटवून देता देता माझी मधली सुटी संपली.

आणि माळा झाडताना अण्णांची वही नेहमीप्रमाणं खाली आली. मी विचारलं, “अण्णा, दहाव्या पायरीवर कुठली गाणी असत हो?” त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, खिडकीच्या उजेडात तिरकं करून पाहिलं. शिसपेन्सिल फारच पुसट झाली होती. पण एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. नाव वाचण्याआधीच ते गुणगुणू लागले होते.